व्यक्तिगत संवाद

गुरुवारी दोन ते पाच
वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मी शंकानिरसनाला बसते.
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली
रद्द झालेल्या शैलीपुस्तिकेची घडी.
नियम बदलले, टेबल डुगडुगायचं थांबलं.
खिडकीतून किसुमूचा रस्ता, बोडा-बोडावाल्यांची हुज्जत,
त्यापलीकडे सरोवर. आज जलपर्णीनं झाकलेलं,
पाय ठेवता येईल असं खोटं बोलणारं.

मुलं येतात. प्रश्न तेच.
पूर्णविराम अवतरणाच्या आत की बाहेर,
त्याच पुस्तकाचा दुसऱ्यांदा उल्लेख कसा करायचा,
लेखक बारा असले तर बाराही लिहायचे का.
नाही, म्हणते. पहिल्याचं नाव, मग 'आणि इतर'.
म्हणते आणि दर वेळी जरा अडखळते.
चौदा वर्षांपूर्वीच्या एका शोधनिबंधात
मी 'इतर' होते.
मासे मीच मोजले होते.

अविनो आली तेव्हा पाचला दहा कमी.
तिचा प्रबंध ओमेनावर: बोटभर चंदेरी मासा,
काळोख्या रात्री दिव्याला भुलून जाळ्यात येणारा.
पानभर वाचलं, कर्ता कुठेच सापडेना.
'दिवे पाण्यावर सोडण्यात आले.
जाळी ओढण्यात आली.
वारा फिरणार असल्याचे ओळखण्यात आले.'

कोणी ओळखलं?
शास्त्रीय लिखाणात असंच लिहितात ना, मॅडम?
दिव्यांचं चालेल, म्हटलं.
वारा असा आपोआप ओळखला जात नाही.

जरा वेळानं म्हणाली, मामानं.
ओठ ओले करून बसायचा होडीच्या टोकाला,
कोणता ओठ आधी गार पडतो त्यावरून सांगायचा.
पण त्याचं पुस्तक नाही. पान नाही.
आणि साल कुठलं घालू,
तो बोलला ते, की मला कळलं ते?

हा प्रश्न पुस्तिकेत नाही. जुन्याही नाही, नव्याही नाही.
मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं:
कंसात आद्याक्षर, आडनाव, 'व्यक्तिगत संवाद', तारीख.
शेवटच्या सूचीत मात्र घ्यायचं नाही.
का नाही?
सूची कशासाठी असते, तर वाचकाला मूळ माणसापर्यंत, मूळ कागदापर्यंत
जाता यावं, खरंखोटं करून बघता यावं.

एप्रिलपासून मलाही जाता आलेलं नाही, म्हणाली.
होडी सापडली. बॅटरीवरचा एक दिवा
चालूच होता.

पेन्सिलला टोक होतं तरी मी टोक काढलं.

आद्याक्षर तिला माहीत नव्हतं.
तिथेच बसून आईला फोन लावला, डुंगाच्या किनाऱ्यावर
मासळी वाळत घालत असलेल्या. वाऱ्याचा आवाज,
कुणाचं तरी हसणं, मग एक नाव.
बार्नाबास, तिनं मला सांगितलं. बाप्तिस्म्याचं.
या नावानं हाक मारली असती तर
त्यानं मागे वळूनही पाहिलं नसतं.
ब. ओबुरा, लिहिलं तिनं.
कुणी परकाच वाटला दोघींनाही.

आणि क्रियापद? 'सांगायचा' ठेवू?
नको. इथे निदान काहीतरी मला पक्कं ठाऊक होतं.
आमच्या या धंद्यात एक रीत आहे, अविनो:
शंभर वर्षांपूर्वी गेलेला माणूसही
'म्हणतो', 'दाखवतो', 'हे मान्य करत नाही'.
हे काही श्रद्धेनं नव्हे. तसा नियम आहे.

तिनं 'ओळखण्यात आले' खोडलं. फार जोरात,
कागद थोडा फाटला.
वर लिहिलं: वारा फिरण्याआधी
ओबुरा तो ओठांवर ओळखतो.
मी पुढचा कंस बंद केला,
तारखेची जागा मोकळी ठेवली.

शिपाई किल्ल्या वाजवत होता.
ती जिन्यापर्यंत गेली, परत आली:
मॅडम, तो स्वल्पविराम?
कुठला ते माझ्या ध्यानात येईना.
राहू दे, म्हटलं.